गावात गरीवाल्या पोट्ट्यांचा ग्रुप काढायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी

नागभीडकडच्या (जिल्हा चंद्रपूर) एका भावाचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातला) तलाव आहे, पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, रोज संध्याकाळी दहा-बारा पोट्टे गरी, म्हणजे गळ, टाकून बसतात, मासोळी दरवर्षी कमी होऊन राहिली, मासेमारी सोसायटीवाले पोरांना पाहिलं की ओरडतात, अन् यांना वाटते की या पोरांचा एक ग्रुप बनवावा जो मासोळी पण राखेल आणि गावातल्या लहान्या पोरापोरींना गरी पण शिकवेल. विचारतात, सुरुवात कशी करू, एक मोठी स्पर्धा ठेवू का, आणि वर्गणी काढून बाहेरून मासोळीचं बीज (लहान पिल्लं) आणून टाकू का.

भाऊ, विचार लय चांगला आहे. मी ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, घरचा, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, जाळं बापाकडून शिकलो अन् गरी आज्याकडून, आणि आमच्या गावात असा ग्रुप आम्ही २२ वर्षं झाली चालवून राहिलो. म्हणून जरा लांब लिहितो, सवडीनं वाचा.

सरळ उत्तर आधी देतो. स्पर्धा यावर्षी नको, बीजही नको. पहिल्या वर्षी दोनच कामं करा, सोसायटीशी बोलणं अन् पोरांना मासोळी सोडायला शिकवणं. धरायला पोट्टे आपोआप शिकतात, सोडायला कोणी शिकवत नाही.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. नऊ-दहा वर्षांचा असेन, रोवणे चालू होते, म्हणजे जुलै. तलावाच्या उथळ्या बाजूला, जिथं देवधान (रानटी धान) उगवते तिथं, पाण्यावर मला एक लाल गोळा दिसला, जेवायच्या थाळीएवढा. जवळ गेलो तर मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, नारिंगी-लाल, एकेक धानाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, अन् सगळी एकसारखी वर येऊन श्वास घेऊन खाली जात होती, त्यामुळं तेवढ्याच जागेवर पाणी उकळी फुटल्यासारखं दिसे. मरळ हवेतून श्वास घेते हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या गोळ्याच्या खाली काळी सावली होती. मी गरीला बेडूक लावून गोळ्यावर टाकला अन् दुसऱ्याच क्षणी काडी वाकली. दीड हात मरळ! पळतच घरी आणली.

आज्यानं विचारलं, कुठं धरली? सांगितलं. तो रागावला नाही, संध्याकाळी माझा हात धरून तिथंच घेऊन गेला. गोळा फुटला होता. दोन-चार पिल्लं इकडं, दोन-चार तिकडं, अन् खालून लहानमोठ्या मासोळ्या येऊन एकेक उचलत होत्या, वरून एक खंड्या सारखा सूर मारत होता. तिसऱ्या दिवशी तिथं एक पिल्लू नव्हतं. आजा एवढंच बोलला, "बापू, तू एक मासोळी नाही धरली, पुढच्या तीन सालची धरली."

त्या मरळीनं बेडूक भुकेनं नव्हता धरला. मरळीचे नर-मादी पिल्लांची राखण करतात, जास्त करून नर, अन् गोळ्याजवळ जे काही येईल त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून त्या दिवसांत मरळ धरणं सगळ्यात सोपं असते अन् तेच सगळ्यात मोठं नुकसान. तुमच्या पोरांपैकी अर्ध्यांना हे माहीत असेल की जुलै-ऑगस्टमध्ये मरळ पटकन लागते, पण का लागते हे कोणी सांगितलं नसेल. ते सांगणं हे तुमच्या ग्रुपचं पहिलं काम.

आता बघा, जाळं निवडत नाही. घोळ, म्हणजे मोठं जाळं, ओढला की आई, पिल्लू, पोटात अंडी असलेली, सगळं एकत्र येते. गरीवर एका वेळी एक मासोळी येते, जिवंत येते, अन् तिला ठेवायची की सोडायची हे ठरवायला तुमच्याकडं अर्धा मिनिट असते. गरीवाल्याकडं ही जी निवड आहे ना, ती दुसऱ्या कोणाकडं नाही. म्हणून मी पोरांना जाळ्याच्या आधी गरी शिकवतो.

तुमचा मुख्य मुद्दा, मासोळी कमी होऊन राहिली. आधी विचारा, कोणती? मामा तलावात दोन तऱ्हेची मासोळी असते, टाकलेली अन् घरची. कटला, रोहू, मिरगल ही टाकलेली. यांना पैदाशीला नदीचं वाहतं, चढतं पाणी लागते, आपल्या तलावाच्या साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाहीत, म्हणून सोसायटी दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून टाकते. हे बीज मिळते ते पण इंजेक्शन देऊन काढलेलं. ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरींनी १० जुलै १९५७ ला हे पहिल्यांदा जमवलं अन् म्हणूनच १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळतात. तर कटला कमी झाला असेल तर त्याचं कारण बीज कमी पडलं, लहान पडलं, किंवा चोरी झाली. पण मरळ, शिंगी, आपला गावरान मागूर, बाम, शिवडा, अन् त्या सगळ्या बारीक खवल्याच्या मासोळ्या ज्या आपल्या आया सुकवून ठेवायच्या, या घरच्या. या तलावात, नाल्यात, धानाच्या बांध्यांत स्वतः वाढतात, यांना कोणी विकत आणून टाकत नाही. या कमी झाल्या म्हणजे त्यांची पैदाशीची जागा गेली किंवा पैदाशीच्या वेळेला आपण त्यांना खाल्लं. तुमच्या तलावात बहुतेक हेच झालं असणार, अन् त्याला बाहेरचं बीज हा इलाज नाही.

जागा कशी जाते हे पण सांगतो कारण ग्रामपंचायतीत हा विषय येणारच. तलाव खोल करा म्हणून जेसीबी लावतात, गाळ शेतात जातो, ते चांगलंच आहे, धानाला तो गाळ म्हणजे सोनं, पण ठेकेदार चारही बाजूंनी सरळ भिंतीसारखा खोदून टाकतो अन् पोहऱ्यासारखा तलाव होतो. मरळीला गुडघाभर पाण्याची, गवताची, वनस्पतीची कड लागते, अंडी तिथंच घालते. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात हे तलाव बांधले तेव्हा एका बाजूला पार अन् दुसरीकडं जमीन हळूहळू पाण्यात उतरत जाते असा आकार ठेवला, ती उतरती बाजू म्हणजे मासोळीचं बाळंतघर. तर खोलीकरण होत असेल तर सरपंचाला सांगा, मध्ये अन् पारीकडं खोदा, उथळ्या बाजूला हात लावू नका. आणि त्या उथळ्या बाजूला बेशरम (काठावरचं झुडूप) माजली असेल तर ती उपटायची, उन्हाळ्यात, मुळासकट. नुसती कापली तर काहीच फायदा नाही, कांडी ओल्या मातीत पडली की पुन्हा फुटते, म्हणून बाहेर नेऊन वाळवून जाळायची. आमच्याकडं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या सोसायट्या अन् बायांना सोबत घेऊन हेच काम केलं आहे, बेशरम काढून तलावात पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, त्यांचं काम जाऊन बघण्यासारखं आहे.

आता सोसायटी. त्यांचं ओरडणं चुकीचं नाही भाऊ, हे मी ढिवर म्हणून सांगतो. तलावाची लीज ते भरतात, बीजाचे पैसे ते भरतात, कित्येकदा उधारी काढून, अन् पोट्टे दोन-दोन किलोचे कटले गरीनं काढून घरी नेतात. मौजेसाठी म्हणा, खायसाठी म्हणा, पण ते दुसऱ्याच्या ताटातलं आहे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले, पुढं मासेमारी सोसायट्यांकडं आली, गावाचे निस्ताराचे (रोजच्या गरजेसाठी वापरायचे) हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असतात, ते तलाठ्याकडून एकदा वाचून घ्या. पण कागदावर भांडायला जाऊ नका. आम्ही जे ठरवलं ते साधं होतं: कटला, रोहू, मिरगल गरीला लागला तर तिथंच सोडायचा, कितीही मोठा असो. घरच्या मासोळीतली एका माणसाला एका दिवशी दोन, अन् मरळ एक फुटाच्या खालची असेल तर सोडायची. बदल्यात सोसायटीनं पोरांना उथळ्या बाजूला बसू द्यायचं, अन् पोरांनी तलावाचा डोळा व्हायचं. पहिलं वर्षभर अध्यक्षांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या एका नववीतल्या पोरानं पहाटे बघितलं की नाल्यात कोणी कीटकनाशक टाकून राहिलं, तो पळत सोसायटीच्या घरी गेला, लोक धावले अन् ते पाणी तलावात उतरायच्या आधी माती टाकून नाला अडवला. त्या दिवसानंतर आमच्या पोरांना पारीवरून कोणी हाकललं नाही.

विष टाकणं, बारूद लावणं हा गुन्हा आहे, आजचा नाही, १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून. हे पोरांना तोंडपाठ पाहिजे. बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट सोडणारे पण आता गावोगाव झाले आहेत, त्यांच्या अंगावर पोरांना जाऊ देऊ नका, फक्त मोठ्यांना सांगायचं. पोरांचा जीव आधी.

गरीचं बोलू. तुमच्याकडं बांबूची काडी, तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), मोरपिसाच्या दांडीचं तरंगतं, अन् गांडूळ असेल तर सगळं सामान आहे, महागडी रॉड-रीळ नंतर. पण एक वस्तू प्रत्येकाजवळ पाहिजेच, लहान पक्कड. गरीच्या टोकाच्या आत जो उलटा काटा असतो तो पक्कडीनं दाबून सपाट करायचा. पोरं म्हणतील मासोळी सुटेल. दोरी ताणून ठेवली तर नाही सुटत, उलट हात पण सुधारतो, अन् सोडताना गरी एका हिसक्यात निघते, जबडा फाटत नाही. आणि पोराच्या बोटात घुसली तरी तशीच निघते, मला स्वतःला एकदा तीन टाके पडले आहेत काटेवाल्या गरीनं, म्हणून हा नियम आमच्याकडं कडक आहे. मासोळीला हात लावायच्या आधी हात ओले करायचे, कोरड्या हातानं तिच्या अंगावरचा चिकट थर निघतो अन् मग बुरशी धरते. गरम दगडावर, मातीत ठेवायची नाही. कल्ल्यात बोट घालायचं नाही. गरी पोटात गेली असेल तर ओढायची नाही, तोंडाजवळ तंगूस कापायचा अन् सोडून द्यायची, आतडं ओढून काढण्यापेक्षा गरी आत राहिलेली बरी. तरंगतं हललं की लगेच उचलायचं, वाट बघत बसलं की ती गिळते. शिंगी अन् मागूर धरताना बाजूच्या काट्यांकडं लक्ष, शिंगीचा काटा लागला तर पोरगं रात्रभर रडते, लगेच हात सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात ठेवायचा अन् दुखणं थांबलं नाही तर दवाखाना. अन् कापलेला तंगूस पारीवर टाकायचा नाही, पाखरांच्या पायात अडकतो, खिशात घालून घरी न्यायचा.

बंदीचा काळ आम्ही मिरगापासून पोळ्यापर्यंत ठेवला आहे. सरकारी तारखा पोरांच्या लक्षात राहत नाहीत, मिरग अन् पोळा राहतो. या अडीच-तीन महिन्यांत तलावावर गरी नाही. पहिल्या वर्षी पोरं कंटाळली, मग आम्ही त्यांना वही दिली. दोघा-दोघांची जोडी, आठवड्यातून एकदा कडेनं फिरायचं, मरळीचे किती गोळे दिसले, कुठं, पिल्लं लाल आहेत की काळपट व्हायला लागली, लिहायचं. पहिल्या पावसात मासोळी नाल्यानं वर चढते अन् बांध्यांत जाते, तेव्हा लोक मच्छरदाण्या लावून उभे राहतात अन् अंड्यानं भरलेली मासोळी पोत्यानं नेतात. आमचे पोट्टे तिथं जाऊन उभे राहतात, भांडत नाहीत, फक्त "काका, नाल्याची एक बाजू मोकळी ठेवा जी" म्हणतात. स्वतःचा पुतण्या समोर उभा राहून म्हणते तेव्हा माणूस ऐकतो, सगळे नाही, पण ऐकतो. दसऱ्यानंतर बांध्यांतलं पाणी उतरते तेव्हा पिल्लं परत येतात, तेव्हा पण तेच सांगणं.

उन्हाळ्यात तलाव आटला की उरलेल्या डोहात सगळं गोळा होते अन् दोन दिवसांत साफ करून टाकतात. सोसायटीला विनंती करा की एक डोह, सगळ्यात खोल, तुडुमाजवळचा (पाणी सोडायच्या दाराजवळचा) असेल किंवा दुसरा, तो शेवटपर्यंत हात न लावता ठेवा. पुढच्या पावसाळ्याची पैदास त्या एका डोहातून होते.

स्पर्धेचं का नको म्हटलं. आम्ही पहिल्याच वर्षी स्पर्धा ठेवली होती, सर्वांत वजनदार मासोळीला बक्षीस, अन् ती पण १५ ऑगस्टला, शाळेला सुट्टी म्हणून. बंदीचा नियम तेव्हा नव्हताच. बक्षीस मिळालेली मरळ वजनकाट्यावर ठेवली अन् तिच्यातून पिवळी अंडी काट्याच्या ताटलीत ओघळायला लागली. पोरं टाळ्या वाजवून राहिली होती अन् मला त्या ताटलीकडं बघवेना. मरळीच्या पोटात हजारोंनी अंडी असतात. वजनावर बक्षीस ठेवलं की आपण पोरांना शिकवतो, जा, तलावातली सगळ्यात मोठी आई शोधून आणा. त्यानंतर वजनाची स्पर्धा आम्ही कधी नाही घेतली.

आता घेतो ती तिलापीची. एप्रिलमध्ये एक रविवार, सकाळी सहा ते नऊ, जास्तीत जास्त तिलापी कोण धरते. तिलापी आपली नाही, १९५२ साली भारतात आणली, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून झपाट्यानं वाढते अन् घरच्या मासोळीचं खाणं-जागा खाते. हिला परत सोडायची नाही, तिथंच साफ करून रस्सा करतो, सगळं गाव जेवते. लहान्या पोरांना तिलापी लवकर लागते म्हणून पहिल्याच दिवशी पोरगं खूश होऊन घरी जाते, अन् आई-बाप पुढच्या वेळेला स्वतः पाठवतात.

बीजाचं पण सांगतो, कारण कोणीतरी तुम्हाला स्वस्तात मागूरचं बीज द्यायला येईलच. ते थाई मागूर असू शकते, आफ्रिकेतून आलेला, वाट्टेल ते खाणारा. त्याच्यावर केंद्राची बंदी आहे अन् हरित लवादानं पण नष्ट करायला सांगितला आहे. पुराच्या पाण्यात तो तलावातून नाल्यात अन् नाल्यातून वैनगंगेत जाईल. ओळखता येत नसेल तर मागूरचं बीज घेऊच नका, अन् कोणाच्या घरच्या काचपेटीतली मासोळी तलावात सोडू देऊ नका. सोसायटी बोटुकली टाकते तेव्हा मात्र पोरांना मदतीला न्या. ऑक्सिजनची पिशवी तशीच बंद पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगू द्यायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं अन् मग पिशवी आडवी करायची, बोटुकली आपली आपण निघते. ओतायची नाही. सोसायटीवाले म्हणतील मरळ आमचं बीज खाते. खरं आहे, खाते. त्याच्यावर इलाज मरळ मारणं नाही, बीज मोठं टाकणं आहे, बोटाएवढं, जिऱ्याएवढं नाही. अन् अध्यक्षांना बाजारातला भाव आठवून द्या, मरळीला रोहूपेक्षा जास्त मिळते अन् तिच्या बीजाला एक रुपया लागत नाही.

तुमच्याकडचा एक विषय आमच्यापेक्षा अवघड आहे, वाघ. नागभीड-ब्रम्हपुरी पट्ट्यात पोरांना दिवे लागेपर्यंत पारीवर बसू देऊच नका, तुमची ती रोजची संध्याकाळची वेळ बदला. सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर, कमीत कमी चौघं, अन् सोबत एक मोठा माणूस. खाली वाकून बसलेलं लहान पोरगं धोक्यात असते. घोडाझरी अभयारण्याच्या हद्दीत तर गरी न्यायचीच नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला तुडुमाजवळ अन् सलांगीजवळ (जास्तीचं पाणी वाहून जाते तिथं) बसवायचं नाही, पाच लिटरच्या दोन रिकाम्या कॅन झाकण लावून दोरीनं बांधून जवळ ठेवायच्या, कोणी पडलं तर फेकायला. ढग गरजला की काड्या खाली ठेवून घरी.

पोरींना घ्या. आमच्या वहीतल्या सगळ्यात चांगल्या नोंदी दोन पोरींच्या आहेत, एकीनं तर गोळा पहिल्यांदा दिसल्यापासून पिल्लं काळी होऊन वेगळी पांगेपर्यंत रोज शाळेत जाताना बघितलं अन् लिहिलं. ती वही आता सोसायटीच्या कपाटात ठेवली आहे, अध्यक्षांनी स्वतः मागून घेतली.

वर्गणी जमली असेल तर बीजाऐवजी पक्कडी, वह्या अन् एक फुटाच्या पट्ट्या घ्या. मिरगाच्या आधी पहिली बैठक पारीवरच ठेवा, सोसायटीच्या अध्यक्षांना अन् गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला बोलवा, त्यांना आधी बोलू द्या, लहानपणी या तलावात कोणती मासोळी होती अन् कुठं अंडी घालायची, अन् ते जे नावं सांगतील ती पोरांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा. चहा घरून न्या. त्या दिवशी गरी कोणीच आणायची नाही.